आधी दिवे घासले

मोडकी मोटार घरी आणल्यावर माणूस आधी कशाला हात घालतो? कुणी इंजिन उघडेल, कुणी चाकं काढेल. धुळाप्पा गडद्यानं दिवे घासायला घेतले.

पुढचे दोन्ही पितळी दिवे त्यानं सोडवले, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेतली आणि देगाव नाक्याजवळच्या आपल्या खोपटापुढं लिंबाखाली फतकल मारून घाशीत बसला. शेजारी मोटार उभी. उभी कसली, विटांवर टेकवलेली. टपाच्या चिंध्या झालेल्या, गादीतला काथ्या बाहेर आलेला, आणि लाकडी आऱ्यांची चाकं इतकी वाळलेली की हात लावला तरी कुरकुरायची. असल्या मोटारीला चकचकीत दिवे लावून कुठं मिरवायचं होतं ह्या बाबाला, कोण जाणे. येणारेजाणारे तोंडावर विचारत आणि हसत पुढं जात.

मौलाली मिस्त्री मात्र हसला नाही. दोघं एकाच प्रवासी सर्व्हिस मोटारीवर नोकरीला होते, धुळाप्पा ड्रायव्हर आणि हा दुरुस्तीला. शुक्रवारची नमाज उरकून तो मुद्दाम मोटार बघायला आला होता. त्यानं मोटारीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, स्टेरिंग हातानं हलवून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"धुळ्या, तेरेकू क्या हुआ रे? चाकं खुळखुळी, ब्रेकचा पट्टा खलास, स्टेरिंग अर्धा फेरा मोकळंच फिरतंय, आणि तू बत्त्या घासतोस? अरे, चाक, ब्रेक, स्टेरिंग. हे आधी. मग इंजन. बत्ती आणि टप सगळ्यात शेवट. तू डायवर हाईस की नवरदेव?"

"करू की. सावकाश करू," धुळाप्पा खाली मान घालून म्हणाला.

त्याला का हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. कुठून सुरुवात करायची हे मोटारवाल्या माणसाला सांगायला लागत नाही. पण त्याला ती मोटार चालूच व्हायला नको होती. जिच्यासाठी दहा वर्षं झुरला ती मोटार दारात आली आणि आता ती सुरू होईल ह्याची त्याला धास्ती वाटत होती. दिवे घासल्यानं मोटार एक बोटभरसुद्धा पुढं सरकत नाही, म्हणून तो दिवे घाशीत होता.

आता हे असं का, ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

धुळाप्पा जातीचा धनगर, मूळचा मेंढरामागचा. पण ह्या गड्याचं चित्त मेंढरांत कधी रमलं नाही. पोरवयात एकदा मंगळवेढ्याच्या रस्त्यानं पहिली सर्व्हिस मोटार धुरळा उडवत गेली आणि मेंढरं उधळून रानोमाळ पांगली. बाप शिव्या देत मेंढरांमागं धावला आणि हा धावला मोटारीमागं. पुढं सोलापुरात येऊन क्लीनर झाला. पाणी ओतायचं, हँडल मारायचं, टपावरची गाठोडी आवळायची, असं करत करत ड्रायव्हर झाला. पटका जाऊन टोपी आली. मार्शल लॉच्या दिवसांत गाड्या बंद होत्या तेव्हासुद्धा हा रोज जाऊन मोटार पुसून यायचा. त्याच्या डोक्यात एकच होतं, स्वतःची मोटार. दुसऱ्याची मोटार हाकणं म्हणजे दुसऱ्याची मेंढरं राखण्यासारखंच, असं तो म्हणायचा.

बायको केराबाई. तिचं माहेर त्याच रस्त्यावर, कामतीच्या पुढं. लग्नात बापानं तिला थोडी मेंढरं दिली होती. ती भावाच्या, बिरप्पाच्या कळपात राहिली आणि वाढत वाढत तिच्या नावची चांगली खांड झाली. त्यातच एक भोरी होती, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची मेंढी.

काही वर्षांमागं धुळाप्पाला मुदतीचा ताप आला. वैद्य झाले, दवाखाना झाला, ताप काही हटेना. नवरा हातचा जातोय असं दिसल्यावर केराबाई पायी माहेरी गेली, आपल्या मेंढरांतली भोरी तिनं निवडली, तिच्या कपाळाला भंडारा लावला, कान कातरला आणि बिरदेवाच्या देवळापुढं उभी करून म्हणाली, "देवा, त्येंचा जीव ऱ्हाऊ दे. ही तुजी झाली." ती परत आली तेव्हा धुळाप्पा उठून भाताची पेज पीत होता.

तेव्हापासून भोरी देवाची. देवाची मेंढी विकायची नाही, कापायची नाही. म्हातारी होऊन कळपातच मरायची. गळ्यात घंटी बांधून बिरप्पानं तिला पुढं चालायला शिकवलं. ती निघाली की मेंढरं निघायची, ती थांबली की थांबायची.

ह्या दिवाळीच्या सुमाराला नवी पेठेतल्या एका वकिलाची जुनी मोटार विकायला निघाली. वर्षानुवर्षं परसात पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. स्वस्तात मिळत होती. धुळाप्पाची झोप उडाली. केराबाईनं दोन दिवस त्याच्याकडं बघितलं आणि मग आपणच विषय काढला.

"मेंढरं माजी हायती. इका तुमी. तुमचा जीव त्या मोटारीत आडाकलाय, मला काय कळत न्हाय व्हय? पर भोरीला हात लावायचा न्हाय. ती माजी न्हाय आन् तुमची बी न्हाय."

"मी काय येडा हाय का?" धुळाप्पा म्हणाला. म्हणताना तो खरंच बोलत होता.

मेंढरं घेणारा हेडी ठरला. धुळाप्पा त्याला घेऊन बिरप्पाकडं गेला. केराबाईची मेंढरं वेगळी काढली, जाळीचं वाघर उघडलं, आणि मेंढरं जाग्यावरून हलेनात. हेड्यानं काठी आपटली, ओरडला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी राहिली. हलणार कशी? पुढची मेंढी तर खुंट्याला बांधलेली. हे हेड्याला कळायचं नव्हतं, मेंढरामागं वाढलेल्या माणसाला तेव्हाच कळलं.

"भोरीला पुढं घेतो," धुळाप्पा बिरप्पाला म्हणाला. "सोलापूरच्या नाक्यापतूर. तितनं तिला मागारी आनतो."

बिरप्पाला ते पटलं नाही, पण बहिणीचा नवरा, शिवाय धनगराचं पोर. त्यानं भोरीचा दोर सोडला. धुळाप्पानं जिभेनं टकटक केलं तशी भोरी पुढं झाली, तिच्यामागं सगळी खांड. वाटेत मुक्काम करत सोलापूर जवळ केलं. सगळी वाट ती त्याच्या हाकेवर चालली.

नाक्याजवळ आले तर सर्व्हिस मोटारीवरचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, अरे, वकिलाच्या मोटारीला दुसरं गिऱ्हाईक आलंय, संध्याकाळी बोलणी हायत. झालं! धुळाप्पाच्या पायांत वारं शिरलं. हेड्याकडून पैसे घेतले, म्हणाला, "ही भोरी तेवढी बाजूला बांधून ठेवा. देवाची हाय. सकाळी येऊन नेतो." आणि नवी पेठेकडं पळाला. तिला तिथंच लिंबाला बांधायला किती वेळ लागला असता? पाणी प्यायलाही लागत नाही इतका. पण नाही बांधली.

सकाळी मेंढरांच्या बाजाराच्या माळावर गेला तर माळ मोकळा. हेडी दात घाशीत बसला होता. "कोनती मेंढी? सगळी खांड रातीच रेल्वेच्या डब्यात भरली. मुंबैला गेली." मग काहीतरी आठवून त्यानं तरटाखालून घंटी काढून दिली. "ही वाजत हुती म्हनून काढली."

धुळाप्पानं घंटी हातात घेतली. मुंबईला गेलेल्या मेंढीचं काय होतं हे विचारायचं काही राहिलं नव्हतं. आपल्या जिवावरून जी मेंढी देवाला ओवाळून दिली होती तीच आपण कसायाकडं चालवत नेली, आणि ती आपल्यावर विसंबून आली, एवढं त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

तेव्हाच घरी जाऊन सांगितलं असतं तर केराबाई रडली असती, बोलली असती, आठ दिवस तोंड बघितलं नसतं. पण त्या दिवशी मोटार बैल लावून ओढत घरी आणायची होती. केराबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं पहिलं काय विचारावं?

"भोरी दादाकडं पोचली न्हवं नीट?"

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.

बिरप्पा वाटेत भेटला तेव्हा त्याला सांगितलं, भोरी केरानं सोलापूरलाच ठेवून घेतली. बहीण समजते भावाकडं आहे, भाऊ समजतो बहिणीकडं आहे. बिरप्पा मेंढरं घेऊन लांबच्या रानांना निघून गेला तो पावसाच्या तोंडाला यायचा होता, म्हणून निभावलं. पण केराबाईनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मोटार सुरू झाली की पहिली फेरी बिरदेवाला. भोरीला भंडारा लावायचा, मग बाकीचं जग.

म्हणून धुळाप्पा दिवे घाशीत होता. दिवे झाल्यावर भोंगा घेतला. भोंगा झाल्यावर टपाचं कापड. टप झाल्यावर गादी. मौलाली येऊन कपाळावर हात मारून जायचा. केराबाईला मात्र वाटायचं, आपला नवरा किती जिवापाड करतोय. तिला त्याचं कौतुक वाटायचं आणि ते कौतुक ह्याला विस्तवासारखं लागायचं. सर्व्हिस मोटार घेऊन कामतीवरून जाताना तो देवळाच्या बाजूला मान वळवायचा नाही. एकदा पंचवीस माणसं गाडीत बसलेली असताना रस्त्यात मेंढरं आडवी आली, आणि हा खाली उतरून त्यांच्यात काहीतरी शोधत बसला. माणसं ओरडायला लागली तेव्हा भानावर आला.

गादीचं काम निघालं त्या दिवशी केराबाईनं घोंगड्यासाठी साठवलेली लोकर बाहेर काढली. पोतंच्या पोतं तिनं अंगणात रिकामं केलं आणि त्यातून एक वेगळी बांधलेली पेंडी काढली.

"काथ्या कशाला भरताय? टोचतोय त्यो. ही लोकर भरा. आन् ही भोरीची हाय, ही तुमच्या बसायच्या जागंला. तुमच्या जिवाची हाय ती."

धुळाप्पानं ती पेंडी बाजूला सारली.

"ऱ्हाऊ दे की. घोंगडं कर तिचं."

"घोंगडं काय करायचंय? तुमी दिवसभर तितं बसनार. देवाचा हात खाली असल्यागत हाय."

तिनं आपल्या हातानं ती लोकर पिंजली, आपल्या हातानं भरली. धुळाप्पानं टाके घातले. सांगायचं होतं ते तोंडापर्यंत आलं, पण तिच्या बोटांकडं बघून मागं गेलं. असा भेकड माणूस शोधून सापडायचा नाही, असं तो स्वतःच स्वतःला म्हणत होता आणि टाके घालत होता.

त्या रात्री त्यानं घंटी फडक्यात गुंडाळली आणि पुढच्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली दडवली. घरात ठेवायला जागा नव्हती असं नाही. घरात ती वाजेल असं त्याला वाटायचं.

शेवटी मौलालीचं डोकं फिरलं. उन्हाळ्याच्या शेवटाला एक दिवस धुळाप्पा ड्युटीवर असताना हा गडी हत्यारं घेऊन आला आणि केराबाईला म्हणाला, "भाभी, हा कामचोर नुसती गादी शिवत बसंल. मैं करता." चाकं काढून त्यानं विहिरीवरच्या डोणीत पाण्यात बुडवून ठेवली, आरे फुगून घट्ट झाले. ब्रेकला नवा पट्टा घातला, स्टेरिंगचे बुश बदलले, मग इंजिन उघडलं. सुट्टी बघून येत गेला. धुळाप्पा त्याला नको म्हणू शकेना. मित्र आपणहोऊन फुकट राबतोय, त्याला कोणत्या तोंडानं नको म्हणणार?

आणि एका सकाळी मौलालीनं हँडल मारलं तशी मोटार खोकली, दुसऱ्यांदा मारल्यावर थरथरली आणि धडधडायला लागली. गल्ली जमा झाली. मौलालीनं धुळाप्पाच्या पाठीवर थाप मारली. केराबाईनं बॉनेटवर भंडारा उधळला आणि आत जाऊन नवं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं आणि नारळ घेऊन बाहेर आली. ती आधीपासूनच तयारीत होती.

"दादा आलाय परत रानातनं. चला की," ती म्हणाली.

मोटार निघाली. चार माणसं रस्त्यात थांबून बघत होती आणि केराबाई पदर सावरत ताठ बसली होती. आयुष्यात एवढी खुशीत धुळाप्पानं तिला बघितली नव्हती. तिऱ्ह्याला सीना नदीच्या पात्रातून मोटार वाळूत न रुतता पलीकडं निघाली तेव्हा तिनं त्याच्या हातावर थोपटलं.

"भोरी वळखंल का वो मोटारीचा आवाज? बिचकंल, न्हाय का? लांबच उबी करा. मी आदी चालत जाते तिच्याकडं."

धुळाप्पानं ब्रेक दाबला. मौलालीनं बसवलेला ब्रेक, मोटार जागच्या जागी थांबली.

"केरा," तो म्हणाला, "भोरी तितं न्हाय."

"मग कुटं हाय?"

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. वाघर, खुंटा, नाका, मुंबईचा डबा. काही राखून ठेवलं नाही. सांगताना त्याचे डोळे स्टेरिंगवर होते आणि दोन्ही हातांनी त्यानं ते घट्ट धरलं होतं. इंजिन धडधडत होतं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि असलं मोठ्यानं बोलायला लागण्याची त्याला लाज वाटत होती.

केराबाई रडली नाही. मग तिनं विचारलं, "मागारी बगितलं का तिनं?"

"न्हाय."

"येडी."

"माज्या हाकंवर चालत हुती. वाटंत कुटं थांबली न्हाय."

"तुमच्या हाकंवर," केराबाई म्हणाली. तिचा हात गादीवर होता, तो तिनं उचलून मांडीवर घेतला. मग गाठोडं घेऊन ती खाली उतरली आणि चालायला लागली. सोलापूरकडं नाही, देवाकडं.

"केरा, बस गं आत. मी नेतो."

तिनं मागं बघितलं नाही. धुळाप्पा मोटार तिच्यामागं हळूहळू घेऊ लागला. त्या मोटारीला हळू चालवायचं तर डाव्या पायाखालचं पेडल सारखं दाबून धरावं लागायचं. पाय सुटला की ती पळायची. त्यानं पाय दाबून धरला. पाय भरून आला, पोटरीत गोळे आले, तरी सोडला नाही. पुढं लुगड्यातली बायको, मागं चकाचक दिव्यांची मोटार. समोरून येणारे गाडीवान बैल बाजूला घेऊन बघत होते. एकजण म्हणाला, "अवं, बाईला बसवा की मोटारीत."

असल्या चालीनं कुठली मोटार टिकायची? इंजिनापुढच्या बंबातलं पाणी उकळलं, टोपणातून वाफ फुसफुसू लागली आणि आचके देत मोटार बंद पडली. आजूबाजूला कुठं पाणी नव्हतं. केराबाई थांबली नाही. ती लांब लांब होत चालली.

धुळाप्पा खाली उतरला. दहा वर्षं जिचा ध्यास घेतला ती मोटार रस्त्याच्या कडेला वाफा टाकत उभी, आणि त्यानं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. सीटखालच्या पेटीतून पाने बाजूला सारून त्यानं फडकं काढलं, घंटी हातात घेतली आणि केराबाईच्या मागं निघाला. दुखऱ्या पायानं तो लंगडत होता, आणि प्रत्येक पावलाला घंटी वाजत होती.

तो आवाज ऐकला आणि केराबाई थांबली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती मागं वळली नाही. धुळाप्पा चार पावलांवर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता ती घंटी मागेल. आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल, मारेल. त्यानं घंटी पुढं केली.

"ती वाजवू नगा," केराबाई म्हणाली. "ती वाजली की मागनं मेंढरं येतात. आता मागं कोन हाय?"

ती पुन्हा चालायला लागली. धुळाप्पा खाली वाकला. बांधावरचं वाळलेलं गवत त्यानं मूठभर उपटलं आणि घंटीत गच्च कोंबलं, लोलक हलू नये एवढं. मग घंटी छातीशी धरून तो तिच्यामागं, तिच्यापासून अंतर राखून चालत गेला.

देवळाची पांढरी भिंत दिसायला लागली तेव्हा दुपार कलली होती. बिरप्पा मेंढरं घेऊन माळावर होता. बहिणीला चालत येताना बघून तो धावत आला आणि दुरूनच म्हणाला, "केरा, भोरीला न्हाय आनलीस व्हय गं?"

केराबाईनं हातातलं गाठोडं भावाकडं दिलं.

"ह्येंना इच्यार," ती म्हणाली, आणि देवळात गेली.